फंगल आहे म्हणाले, पण कोणतं फंगल?

पत्र थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून मोठ्या भावाने लिहिलं आहे. बहीण २१ वर्षांची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. चार वर्षांपासून तिचं नाक चोंदतं, डावी बाजू जास्त. दोन वर्षांपासून वास येत नाही. गावातले डॉक्टर सर्दीच्या गोळ्या देतात. त्यातल्या बारीक पांढऱ्या गोळ्यांनी आठ-दहा दिवस नाक मोकळं होतं, मग पुन्हा पहिल्यासारखं. स्थळं बघणं सुरू झालं म्हणून बायोडाट्यासाठी फोटो काढला, तेव्हा डावा डोळा थोडा पुढे आल्यासारखा दिसला. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘फंगल सायनुसायटिसची शक्यता’ असं आलं आणि घरात घबराट उडाली, कारण २०२१ साली कोरोनानंतर काळ्या बुरशीने मामांचा एक डोळा गेला. मामांना शुगर होती. मेडिकलवाल्याने बुरशीच्या कॅप्सूल दिल्या, त्या तीन आठवड्यांपासून चालू आहेत. कान-नाक-घसा तज्ज्ञ ऑपरेशन सांगतात. आई म्हणते, ‘आधी लग्न होऊ द्या. ऑपरेशन केलं की लोक विचारतील, आणि सायनस पुन्हा होतोच.’ भावाचे प्रश्न तीन: ही काळी बुरशीच आहे का, कॅप्सूलने भागेल का, आणि लग्नापर्यंत थांबलं तर चालेल का?

भाऊ,

मामांचं जे झालं ते घरात सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे ‘फंगल’ हा शब्द वाचून पोटात गोळा येणं साहजिक आहे. पण बहिणीच्या आजाराची चाल मामांच्या आजाराशी जुळत नाही. काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, बहुतेक वेळा शुगर हाताबाहेर गेलेल्या किंवा प्रतिकारशक्ती पार खचलेल्या माणसाला होते. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त पोचणं बंद होतं आणि मांस काळं पडून मरतं. हे सगळं काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत घडतं. चार वर्षं हळूहळू वाढणारा आणि फारसा न दुखणारा आजार सहसा काळ्या बुरशीचा नसतो. आईला हे आजच सांगा.

मात्र तुमच्या तिन्ही प्रश्नांमागे एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. ती अशी, की निदान झालंय आणि आता फक्त उपचार निवडायचा आहे. रिपोर्टात ‘शक्यता’ लिहिलंय, तेवढंच खरं आहे. सायनसमध्ये, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांत, बुरशी असणं हा एक आजार नाही. किमान चार वेगवेगळे आजार त्या एका शब्दाखाली येतात आणि त्यांचे उपचार एकमेकांच्या उलटसुद्धा असतात. एकात स्टेरॉइड हे मुख्य औषध, तर दुसऱ्यात तेच स्टेरॉइड घातक. त्यामुळे कोणतं फंगल, हे ठरेपर्यंत कोणतीही गोळी ‘बघू लागू पडते का’ म्हणून द्यायची नाही.

पत्रावरून जास्त संशय येतो तो ॲलर्जिक फंगल सायनुसायटिसचा. यात बुरशी मांसात शिरतच नाही. सायनसच्या पोकळीतल्या शेंबडात ती थोडीशी वाढते आणि शरीर तिच्यावर ॲलर्जीने तुटून पडतं. नाकाचं अस्तर सुजतं, त्याला पॉलिप येतात (गावात ‘नाकात मांस वाढलं’ म्हणतात ते बरेचदा हेच). पोकळीत घट्ट, हिरवट-तपकिरी, चिकट द्रव साचत जातो. डॉक्टर त्याला म्युसिन म्हणतात. दिसायला तो बैलगाडीच्या आसाला लावलेल्या जुन्या वंगणासारखा असतो. शिंकरून निघत नाही, साध्या सक्शननेही पटकन येत नाही. तो साचत राहिला की सायनस आतून फुगतो आणि भोवतालचं हाड दाबाने पातळ होऊन सरकतं. डोळा आणि सायनस यांच्यामधलं हाड मुळातच कागदाइतकं पातळ, म्हणून डोळा पुढे किंवा बाजूला ढकलला जातो. हे इतकं सावकाश होतं की रोज बघणाऱ्याला कळत नाही, जुना फोटो शेजारी ठेवला की कळतं. दहावीच्या हॉल तिकिटावरचा, आधार कार्डावरचा आणि आताचा, असे तिचे फोटो डॉक्टरांकडे घेऊन जा. कधीपासून आणि किती वेगाने बदललं, हे त्यातून समजतं.

हा आजार जास्त करून तरुण मुलामुलींना होतो, ज्यांची प्रतिकारशक्ती चांगली आहे अशांना. एका बाजूला, किंवा दोन्हीकडे असला तरी एका बाजूला जास्त. दुखणं कमी. तुमच्या बहिणीचं वर्णन यात बसतं.

तरीही एका वेगळ्या आजाराचं नाव इथे घ्यावंच लागेल, कारण तो आपल्या भागात दिसतो आणि बाहेरच्या माहितीत त्याचा उल्लेख तोकडा असतो. त्याला ग्रॅन्युलोमॅटस इन्व्हेसिव्ह फंगल सायनुसायटिस म्हणतात. भारत, पाकिस्तान, सुदान या पट्ट्यातला हा आजार. शुगर नसलेल्या, धडधाकट माणसालाही होतो. बुरशी बहुतेक वेळा ॲस्परजिलस फ्लेव्हस, आणि आपल्याकडच्या ॲलर्जिक प्रकारातही बहुतेक हीच सापडते. महिनोन्महिने हळूहळू वाढतो, डोळा पुढे येतो. फरक एवढाच की यात बुरशी मांसात शिरलेली असते. त्याला बुरशीविरोधी औषध महिनोन्महिने लागतं आणि नुसत्या स्टेरॉइडने तो पसरू शकतो. वरून बघून दोन्ही सारखे वाटू शकतात. तिसरा प्रकार फंगल बॉलचा: बहुधा एकाच सायनसमध्ये बुरशीचा गोळा, तो काढला की बहुतेकदा काम संपतं. आणि एकाच बाजूच्या नाकपुडीत मांस वाढलं असेल तर ते बुरशीचं नसून गाठीचं नाही ना, हेही तुकडा तपासूनच नक्की करतात.

मग ॲलर्जिक म्हणायचं कशाच्या आधारावर? १९८३ मध्ये पॅथॉलॉजिस्ट ॲना-लुईस कॅट्झेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी सायनसच्या ऑपरेशनमधले जुने नमुने पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यातल्या काहींमध्ये दम्याच्या रुग्णाच्या फुप्फुसात सापडतो तसा इओसिनोफिल पेशींनी (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरलेला म्युसिन आणि त्यात विखुरलेली बुरशी दिसली. तिथून हा आजार वेगळा ओळखला जाऊ लागला. १९९४ मध्ये बेंट आणि कून यांनी पाच कसोट्या मांडल्या. त्या आजही वापरतात: बुरशीची ॲलर्जी सिद्ध होणं, नाकात पॉलिप असणं, सीटीवर ठरावीक चित्र, इओसिनोफिलयुक्त म्युसिन पण मांसात शिरकाव नाही, आणि त्या म्युसिनमध्ये बुरशी दिसणं. या पाचांपैकी शेवटच्या दोन ऑपरेशनशिवाय कळत नाहीत. म्हणजे ऑपरेशन हा नुसता उपचार नाही, निदानाचा उरलेला भागही तोच आहे. ‘ऑपरेशन कशाला, आधी निदान पक्कं करा’ असं कुणी घरी म्हणालं, तर हे उत्तर द्या.

आता सीटीबद्दल. साध्या एक्स-रेवर यातलं काही ठरत नाही; एक्स-रे काढून ‘सायनस आहे’ म्हणणं म्हणजे ताप आहे म्हणण्याइतकंच मोघम. लागतो तो नाक-सायनसचा सीटी, कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) न देता, ज्याला एनसीसीटी पीएनएस म्हणतात. तुमच्याकडे तो झालाय. पण फिल्म नीट बघायला सांगा. सायनसच्या फिल्म बऱ्याचदा फक्त हाडासाठीच्या सेटिंगवर, म्हणजे बोन विंडोमध्ये, छापून मिळतात. त्यात सायनस नुसता करडा भरलेला दिसतो. ॲलर्जिक फंगलची खूण असलेले पांढरट, दाट ढगाळ पट्टे सॉफ्ट टिश्यू विंडोमध्ये, म्हणजे मऊ भागांसाठीच्या सेटिंगवर, ठळक दिसतात. म्युसिनमध्ये कॅल्शियम, लोह, मँगनीज असे धातू आणि घट्ट प्रथिनं असतात, म्हणून ते दाट दिसतं. सेंटरवर जाऊन स्कॅनची सीडी मागा, फिल्मवर अडून बसू नका. सीडी असली की कुठल्याही डॉक्टरला दोन्ही सेटिंगवर बघता येतं आणि पुन्हा स्कॅनचा खर्च वाचतो.

रिपोर्टात ‘इरोजन’ (हाड झिजणं) हा शब्द असेल तर तो वाचून घाबरू नका, आणि ‘थिनिंग’ (हाड पातळ होणं) असेल तर निर्धास्तही होऊ नका. फुगवट्याच्या दाबाने हाड पातळ होत होत नाहीसंच झालं, तरी रेडिओलॉजिस्ट इरोजन लिहितो. खरा प्रश्न असा: हाड बाहेरच्या बाजूला गोलाकार ढकललं गेलंय की कुरतडलं गेलंय? आणि हाडापलीकडच्या चरबीत, डोळ्याच्या स्नायूंत काही पसरलंय का? डोळा पुढे आलेला असल्याने बहुधा एमआरआयही सांगतील. त्यात एक खाच आहे. हाच दाट म्युसिन एमआरआयच्या टी-२ चित्रात काळा दिसतो, हवेसारखा, त्यामुळे भरलेला सायनस रिकामा वाटू शकतो. म्हणून एमआरआय एकटा कधी वाचू नये, सीटी शेजारी ठेवून वाचतात. एमआरआयचं मुख्य काम मेंदूचं आवरण आणि डोळ्याची खोबण शाबूत आहे का, हे सांगणं.

रक्ताच्या तपासण्यांत पूर्ण रक्तगणना आणि इओसिनोफिलची संख्या, टोटल आयजीई (ॲलर्जीत रक्तात वाढणारं प्रतिपिंड), आणि बुरशीचं स्पेसिफिक आयजीई, किमान ॲस्परजिलस या बुरशीचं, एवढं हवं. सोबत उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी). ‘पोरीला कुठली शुगर’ म्हणून हे टाळू नका, स्टेरॉइड आणि भूल दोन्हींसाठी ते लागतंच. ॲलर्जिक फंगलमध्ये टोटल आयजीई बरेचदा १००० आययू प्रति मिलीच्या वर जातं. पण हा आकडा एकट्याने काही सिद्ध करत नाही, आणि विदर्भात तर नाहीच. पोटात जंत असले, अनवाणी शेतात फिरून हुकवर्म झालेला असला, की आयजीई आणि इओसिनोफिल दोन्ही वाढतात. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा हा हत्तीरोगाचा जुना पट्टा. हत्तीरोगाच्या जंतामुळे रात्रीचा खोकला आणि प्रचंड वाढलेले इओसिनोफिल असा वेगळा आजारही होतो. म्हणून शौचाची तपासणी सोबत करून घ्या. स्टेरॉइड सुरू करण्याआधी तर हवीच, कारण काही जंत स्टेरॉइडच्या आडोशाने अंगभर पसरतात. उलट बाजूही लक्षात ठेवा: टोटल आयजीई कमी आलं म्हणून आजार नाही, असंही होत नाही. पहिला आकडा जपून ठेवायचा तो पुढच्या तुलनेसाठी.

कातडीवरची ॲलर्जी चाचणी करायचं ठरलं तर सर्दीच्या, खाजेच्या गोळ्या (सेट्रिझिन वगैरे) त्याआधी ५ ते ७ दिवस डॉक्टरांना विचारून बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी कोरी येते. रक्ताच्या आयजीईला हे बंधन नाही. जिथे चाचणीची सोय नाही तिथे रक्तावर काम भागतं.

त्या बारीक पांढऱ्या गोळ्या. गोळी लागू पडते, आठ-दहा दिवस नाक खुलतं आणि मग पुन्हा तेच, ही स्टेरॉइडची ठळक खूण आहे. त्या स्टेरॉइडच आहेत असं पत्रावरून ठरवता येणार नाही, पण शंका घेण्यासारखं नक्की आहे. पाकीट, स्ट्रिप, कागदाची पुडी, जे असेल ते घेऊन जा. गावातल्या डॉक्टरांशी भांडू नका, नाव लिहून घ्या. किती वेळा, किती दिवस घेतल्या याचा अंदाज लिहा. महिनोन्महिने घेतल्या असतील तर आपल्या मनाने एकदम बंद करू नका, अशक्तपणा येऊन रक्तदाब कोसळू शकतो. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत असणं फार गरजेचं आहे. स्टेरॉइड चालू असताना इओसिनोफिल कमी दिसतात, म्हणजे जे शोधायचं तेच झाकलं जातं. रक्ताचे नमुने शक्यतो स्टेरॉइडच्या पुढच्या डोसआधी आणि डॉक्टरांच्या सांगण्यानुसार द्या.

कॅप्सूलबद्दल स्पष्टच सांगायला हवं. ॲलर्जिक प्रकारात बुरशी थोडी असते आणि ती मांसाबाहेर, रक्त न पोचणाऱ्या म्युसिनमध्ये असते. पोटातून घेतलेलं औषध तिथवर पोचणार कसं? इट्राकोनॅझोलसारखी बुरशीविरोधी औषधं काही निवडक रुग्णांना, आजार वारंवार उलटला तर, तज्ज्ञ देतात. पहिला उपचार म्हणून नाही. त्यांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो, आणि ती काही स्टेरॉइडचा अंमल शरीरात कितीतरी पटीने वाढवतात. स्प्रे किंवा पंपातलं ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइडसुद्धा त्यात आलं. तुमच्या बहिणीकडे कदाचित दोन्ही चालू आहेत. मेडिकलवाल्याने दिलेली कॅप्सूल पुढे चालू ठेवायची की नाही हे एक-दोन दिवसांत ईएनटी डॉक्टरांना फोनवर किंवा भेटून विचारा, आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या. आजार मांसात शिरलेला निघाला तर हीच औषधं खरी लागतील, तेव्हा ती वजनानुसार, तपासण्यांसह, डॉक्टरांच्या देखरेखीत घ्यायची. आता अर्धवट घेऊन तपासणी गढूळ करण्यात काही हशील नाही.

ऑपरेशन म्हणजे चेहऱ्यावर चीर, असं आईच्या मनात असेल. हे दुर्बिणीने, नाकपुडीतूनच होतं. बाहेर टाका नाही, व्रण नाही. पूर्ण भूल देतात. पॉलिप आणि म्युसिन काढून सायनसची तोंडं मोठी करतात, पुढे औषध आणि पाणी आत पोचावं म्हणून. डोळा आणि मेंदू हाकेच्या अंतरावर असतात आणि या आजारात मधलं हाड पातळ झालेलं असतं, त्यामुळे हे काम सरावाच्या हाताने व्हायला हवं. तुमच्यासाठी यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, वर्ध्याजवळ सेवाग्राम आणि सावंगी मेघेची रुग्णालयं, आणि नागपूरला मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि एम्स असे पर्याय आहेत. विचारायचा प्रश्न साधा आहे: ‘अशा, डोळा पुढे आलेल्या केस इथे होतात का, आणि डोळ्यांचे डॉक्टर सोबत आहेत का?’ महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र दवाखान्यात बसतो. भरती होण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडून हे ऑपरेशन योजनेत बसतं का आणि कोणते कागद लागतील, हे लिहून घ्या. भरती झाल्यावर धावपळ करण्यात पैसे जातात.

ऑपरेशनआधी नेत्रतज्ज्ञाकडून नजर, रंग ओळखण्याची चाचणी, डोळ्याची हालचाल आणि डोळा किती मिलिमीटर पुढे आहे याचं माप नोंदवून घ्या. लाल रंग एका डोळ्याने फिका दिसू लागणं ही नजरेच्या नसेवर दाब आल्याची फार लवकरची खूण असते. घरीही बघता येतं: एकच लाल ओढणी, आधी एक डोळा झाकून, मग दुसरा.

या सगळ्यात सर्वाधिक वेळा जे हातचं निसटतं ते नमुन्याचं. पॉलिप तपासायला पाठवतात आणि म्युसिन सक्शनच्या बाटलीतून वाहून जातो. निदान तर त्या म्युसिनमध्येच असतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना नम्रपणे विचारा, ‘म्युसिन वेगळा जपून पाठवणार ना?’ चांगल्या सर्जनला हा प्रश्न खटकत नाही. साधारण तीन डब्या भरतात. पहिलीत म्युसिन, कोरड्या निर्जंतुक डबीत किंवा थोड्या सलाईनमध्ये, मायक्रोबायोलॉजीकडे, केओएच तपासणी (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी बघणं) आणि कल्चर (बुरशी उगवून बघणं) यांसाठी. या डबीत फॉर्मॅलिन (नमुना टिकवायचं रसायन) पडलं तर बुरशी मरते आणि कल्चर वाया जातं. दुसरीत म्युसिनच, पण फॉर्मॅलिनमध्ये, पॅथॉलॉजीकडे. तिथे इओसिनोफिलचे थर, चारकोट-लेडन नावाचे सुईसारखे स्फटिक आणि बुरशीचे धागे शोधतात. धागे इतके विरळ असतात की साध्या रंगात दिसत नाहीत, म्हणून फॉर्मवर ‘फंगल स्टेन’, म्हणजे पीएएस किंवा सिल्व्हर स्टेन, असं लिहिलेलं असावं. तिसरीत पॉलिप आणि सायनसचं अस्तर, तेही फॉर्मॅलिनमध्ये. बुरशी मांसात शिरली आहे का, या प्रश्नाचं उत्तर या तिसऱ्या डबीत असतं, आणि तुमच्या बहिणीच्या बाबतीत ते सगळ्यात मोलाचं आहे. बाहेरच्या लॅबमध्ये डब्या नेण्याची वेळ नातेवाइकांवर आली तर प्रत्येकीवर नाव, तारीख, बाजू आणि आत काय आहे ते लिहिलंय का, एवढं बघूनच हात लावा.

कल्चरचा रिपोर्ट यायला तीन-चार आठवडे लागू शकतात. त्यात बुरशी उगवली नाही म्हणून आजार नाकारता येत नाही. आणि नुसती उगवली म्हणून सिद्धही होत नाही, कारण श्वासासोबत बुरशीचे बीजाणू आपल्या सगळ्यांच्या नाकात रोज जातात. पॅथॉलॉजीचा कागद आणि कल्चरचा कागद एकत्र वाचायचे असतात. स्लाइड आणि ब्लॉक लॅबमध्ये जपून ठेवतात. पुढे दुसरं मत घ्यावंसं वाटलं तर त्या मागता येतात.

आई म्हणते ‘पुन्हा होतोच’, त्यात तथ्य आहे, ते झटकून टाकू नका. हा आजार उलटतो. पण उलटण्याचं मोठं कारण ऑपरेशननंतरची कामं सुटणं हे असतं. ॲलर्जी शरीरात राहतेच, ऑपरेशन तिला काढत नाही. नंतर काही काळ तोंडाने स्टेरॉइड कमी-कमी करत देतात, मग नाकाचा स्टेरॉइड स्प्रे आणि रोजची नाकधुणी. पहिली काही वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी दुर्बिणीने तपासणी. पॉलिपचा मुगाएवढा दाणा दिसला की तिथेच औषधाने आवरता येतो, बोराएवढा झाला की नाही.

नाक धुण्यासाठी विहिरीचं, बोअरचं किंवा नळाचं पाणी सरळ वापरायचं नाही. खळखळून पाच मिनिटं उकळलेलं, कोमट होऊ दिलेलं. एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट चमचा दीड, आणि खायचा सोडा अर्धा चमचा. नाकात जळजळ झाली तर प्रमाण चुकलंय किंवा पाणी थंड आहे असं समजा. जमत नसेल तर मेडिकलमधली ०.९ टक्के सलाईनची बाटली कोमट करून वापरा. दाबायच्या प्लास्टिक बाटलीने एका वेळी २०० ते २४० मिली, मान पुढे झुकवून, तोंडाने श्वास घेत. जोरात शिंकरायचं नाही. उरलेलं पाणी २४ तासांत फेकायचं, बाटली धुऊन उघडी वाळवायची. ऑपरेशननंतर हे कधी सुरू करायचं ते सर्जन सांगतील. स्प्रे मारताना उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्याने उजव्या, स्प्रेचं टोक त्या नाकपुडीच्या बाजूच्या कानाकडे. मधल्या पडद्यावर मारला की रक्त येतं. ब्युडेसोनाइडचं द्रावण नाकधुणीच्या पाण्यात मिसळून देण्याची पद्धतही आहे, ती डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच.

घर आणि शेत. बुरशी टाळायला गाव सोडण्याची गरज नाही, बीजाणू नागपुरातही आहेत. पण भार कमी करता येतो. भाव यायची वाट बघत कापूस घरात रचून ठेवतो, त्याच खोलीत ती झोपत असेल तर खोली बदला. ॲस्परजिलस फ्लेव्हसला सरकी, भुईमूग, मका फार मानवतात. सोयाबीन-तुरीच्या मळणीच्या दिवशी तिला थ्रेशरपासून लांब ठेवा, आणि कुटार (भुसा) भरायला ती नकोच. जावंच लागलं तर रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला पलंग टेकवू नका. आणि कुलर: मागच्या उन्हाळ्यातलं कुबट गवत तसंच लावून मार्चमध्ये चालू केलेला कुलर रात्रभर तोंडावर बुरशी फेकत असतो. गवत दरवर्षी नवीन, टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची.

दमा, छातीत घरघर असेल तर छातीचा एक्स-रे आणि छातीच्या डॉक्टरांचा सल्ला या सगळ्याच्या सोबतच घ्या. डोकेदुखीच्या गोळीने कधी धाप लागली असेल तर तेही सांगायचं.

राहिला लग्नाचा प्रश्न. लग्न पुढे ढकलायचं की नाही हे घराने ठरवावं, डोळ्यावरचा दाब मात्र मुहूर्त बघत नाही. ऑपरेशन लवकर झालं तर पुढे सरकलेला डोळा बहुतेकदा आठवड्या-महिन्यांत मागे येतो. नजरेच्या नसेला इजा झाली तर ती परत मिळेलच असं नाही. हा आजार संसर्गाचा नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, त्यात लपवण्यासारखं काही नाही. लपवलं तर सासरी नाकधुणीची बाटली आणि तपासणीच्या तारखा लपवाव्या लागतील, आणि तिथेच आजार उलटेल. म्हणून मुलाकडच्यांना ‘नाकाची ॲलर्जी आहे, दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, वर्षातून काही वेळा दाखवावं लागतं’ एवढं सरळ सांगा. पुढे मूल होऊ देण्याचा विचार असेल तेव्हा चालू औषधांची यादी आधी डॉक्टरांना दाखवायची, हेही तिला माहीत असू द्या.

पत्रात आईचं मत आलं, मामांचं आलं, तुमचंही आलं. बहिणीला काय वाटतं, ते कुठेच नाही. चार वर्षं तोंडाने श्वास घेऊन झोपणं कसं असतं, दूध करपलेलं किंवा गॅस सुटलेला न कळणं कसं असतं, ते तिला विचारा. ती सज्ञान आहे, संमतीपत्रावर सहीही तिचीच लागणार आहे. फोटो बघून नाव ठेवणाऱ्यांची भीती तिला आहे की आपल्याला, तेही त्या बोलण्यात कळेल.

येत्या आठवड्यात एवढं करा: सेंटरवरून सीडी, गोळ्यांची पाकिटं, जुने फोटो आणि शुगरचा रिपोर्ट एका फायलीत घालून ईएनटी डॉक्टरांची वेळ घ्या. तोवर नजर अंधुक झाली, एकाचे दोन दिसू लागले, डोळा हलेनासा झाला, गालाला बधिरपणा आला, नाकात किंवा तोंडातल्या टाळूवर काळी खपली दिसली, किंवा ताप-उलटीसह डोकं असह्य दुखू लागलं, तर वेळेची वाट न बघता त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्याच्या आपत्कालीन विभागात न्या.